पन्नासचा टायर, सत्तरचा टायर

आमच्या घरात प्रश्नांचे दोनच प्रकार मानले जात: फळ्यावर सुटलेले आणि फळ्यावर अजून नीट न मांडलेले. तिसरा प्रकार असू शकतो, हे आण्णांना मान्य नव्हते. आण्णा म्हणजे माझे वडील. निरगुडसरला ते गणित शिकवत. घरी आल्यावरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडूचा एखादा तुकडा हमखास निघे. आई तो धुण्याआधी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवी. तिथे पांढऱ्या तुकड्यांची एक ओळच जमलेली असे. सकाळी वंदना, मग चहा आणि चहा निवेपर्यंत एक उदाहरण, असा आमचा क्रम होता. "कळलं नाही" असे म्हणायची मला पूर्ण मुभा होती. मी तसे म्हटले की आण्णा तेच उदाहरण दुसऱ्या वाटेने सोडवून दाखवत. त्यांच्या स्वतःच्या तोंडून मात्र ते दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते.

खडूवर त्यांची श्रद्धा होती, आणि ती अकारण नव्हती. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा आण्णा आजीच्या कडेवर होते. त्यानंतर आमच्या घरात जे काही उभे राहिले, ते सारे शिक्षकाच्या नोकरीने उभे केले होते. म्हणून मी बारावी झाले तेव्हा माझा रस्ता ठरलेलाच होता: डी.एड. करायचे आणि शाळेत लागायचे. मला मात्र इंजिनिअरिंगला, त्यातही गाड्यांच्या शाखेला जायचे होते. हे खूळ कुठून आले, याचा शोध घ्यायला आईला फार लांब जावे लागले नाही. तिचा धाकटा भाऊ मधूमामा जुन्नरला टायरचे दुकान चालवीत असे, आणि माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या दुकानात गेल्या होत्या.

ते दुकान मला आजही आधी ऐकू येते, मग दिसते. एस.टी. स्टँडकडून बाजारपेठेत शिरताना पहिल्यांदा कॉम्प्रेसरची धडधड कानावर येई. मग डिस्कवरून टायर सुटताना होणारा तो एक जाड, ओला आवाज. आणि या सगळ्यावर मामाची बडबड. पंक्चरच्या सोल्युशनचा वास माझ्या ओढणीला इतका बसे, की एस.टी.त शेजारची बाई सरकून बसे. दुकानाच्या मागच्या अंगणात मामाने चार वर्षे खपून एक गाडी बांधली होती. अपघातात चेपलेल्या एका छोट्या मोटारीचे इंजिन, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर पातळ पत्रा. छप्पर नाही, दारे नाहीत, जागा दोनच. "दोन माणसं बसणार," आई म्हणाली, "तिसऱ्यानं काय बोनटावर मांडी घालायची?" मामा म्हणाला, "ताई, ही इस्पोर्ट कार हाय. हिच्यात तिसरा माणूस बसत न्हाई, तो बघत उभा ऱ्हातो."

गाडी किती हलकी आहे हे कळावे म्हणून आम्ही ती कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत उभी करून वजनकाट्यावर घातली. काटेवाल्याने आकडा पाहिला आणि खिडकीतून मान बाहेर काढून विचारले, "पावणं, माल कुठाय? नुसतीच पाटी आणली व्हय?" पाचशे ऐंशी किलो. ती पावती मी वहीत चिकटवली. ती वही अजून माझ्याजवळ आहे. पावतीवरची शाई उडाली, डिंकाचे डाग राहिले.

गाडीला फक्त टायर ठरायचे राहिले होते. तेवढ्यात अर्जाची मुदत जवळ आली, आणि एका रविवारी दोन्ही प्रश्न एकाच ताटावर आले. आईने मासवडी केली होती. मामा आला की ती मासवडीच करी. तीळ-खोबऱ्याचे सारण भाजल्याचा वास दुपारपर्यंत घरात रेंगाळे. आण्णांनी रश्शात भाकरी कुस्करता कुस्करता शांतपणे सांगितले, "वैशाली, यंत्रातलं मला समजत नाही. विचार तपासता येतो. मधुकरच्या गाडीला कोणता टायर घालायचा, ते तू ठरव. कारणांसह वहीत लिही. विचार पटला, तर इंजिनिअरिंगच्या अर्जावर सही करीन. नाही पटला, तर डी.एड.चा फॉर्म भरून टाकू. चालेल?"

मामाने डोळा मारला. "वैशे, पास झालीस तू. टायरमधलं तुज्यापेक्षा जास्त तुज्या मास्तरांना बी कळत न्हाई."

पण मला स्वतःलाच कळत नव्हते, ही खरी अडचण होती.

इथे वाचकासाठी थोडे विस्ताराने सांगते. शिकवण्यात जन्म गेल्याने ही सवय आता सुटत नाही. टायरच्या अंगावर आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा, म्हणजे लोखंडी डिस्कच्या कडेपासून रस्त्यापर्यंत जे रबर असते त्याचा. ही उंची मिलिमीटरमध्ये दिलेली नसते. ती रुंदीच्या टक्क्यांत असते, आणि तिलाच प्रोफाइल म्हणतात. मामाने पुण्याहून दोन जोड मिळवले होते. एक होता एकशे पंचाहत्तर रुंद आणि पन्नासच्या प्रोफाइलचा: पसरट, बुटका, डिस्कला जेमतेम रबराची किनार लावावी तसा. दुसरा एकशे पंचावन्न रुंद आणि सत्तरच्या प्रोफाइलचा: अरुंद, उंच, दिसायला अगदी साधा. गुणाकार केला, तर पहिल्याची उंची साडेसत्याऐंशी मिलिमीटर भरते आणि दुसऱ्याची एकशे साडेआठ. एका बोटाचा फरक. त्या एका बोटावर माझे पुढचे आयुष्य टांगलेले होते.

मामा पसरट टायरवर लट्टू होता. "रुंद टायर म्हंजी रस्त्याला जास्त रबर. जास्त रबर म्हंजी जास्त पकड. यात इचार कसला करायचा?" उलट आमचे शेजारी खंडूआबा म्हणाले, की शर्यतीच्या गाड्याचे चाक कधी रुंद असते का? आबा बैलगाडा शर्यतींत घड्याळ लावणारे. पंचक्रोशीतल्या जत्रांत घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या सरळ धावपट्टीच्या, शेवटी निशाणापाशी ते बसत आणि प्रत्येक गाड्याची बारी किती सेकंदांत झाली ते सांगत. त्यांच्या शब्दावर मारामाऱ्या थांबत. "हलका गाडा, बारीक चाक," आबा म्हणाले. "माती जितकी कमी धरंल, तितका गाडा पळंल." एकाला जास्त पकड हवी होती, दुसऱ्याला कमी, आणि दोघेही आपापल्या जागी पन्नास-पन्नास वर्षांच्या अनुभवाने बोलत असल्यासारखे बोलत होते. मी वहीत दोन रकाने केले. दोन्हींत कारणे सारखीच भरली. रात्री अंथरुणावर पडले की मला एक रकाना खरा वाटे, सकाळी उठले की दुसरा.

शेवटी मी तेच केले, जे आण्णांच्या मुलीने करायला हवे होते: मोजायचे ठरवले. कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता निवडला. शाळेच्या टेपने दोनशे मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना कबड्डीच्या मैदानाला टाकतात तशी फक्कीची रेघ मारली. दोन्ही जोडांत हवा सारखीच भरली, पेट्रोल सारखे, चालवणारा मामाच. घड्याळ अर्थातच खंडूआबांचे. ते धुतलेला फेटा बांधून आले होते आणि रेघेपाशी खुर्ची टाकून घाटात बसावे तसे बसले. मामाने गाडी सोडली की ते सवयीने ओरडत, "उचलली रं उचलली... भिर्रर्र!" आणि अंगठ्याने घड्याळ दाबत. प्रत्येक जोडाच्या सहा फेऱ्या झाल्या. पसरट टायरला सरासरी अकरा सेकंद आणि चार दशांश लागले, उंच टायरला अकरा आणि आठ दशांश.

"चार दशांश!" आबा उठून बघायला आलेल्या आण्णांकडे वळले. "मास्तर, घाटात एवढ्यात इस-इस गाडे मागं पडत्यात. निकाल लागला. मी माजा सबूद मागं घेतो."

मला कारणही सापडले. बुटका टायर घातला की चाक एकूणच लहान होते. लहान चाकाला इंजिन लवकर फिरवते. म्हणून गाडी झटकन उचलते. मी आकृती काढली, गुणाकार दाखवला, सरासरी मांडली आणि खाली निष्कर्ष लिहिला: 'या गाडीस पन्नासच्या प्रोफाइलचा टायर योग्य.' आण्णांनी ती चार पाने दोनदा वाचली. एका ठिकाणी दशांश चिन्ह सरकले होते, तेवढे सुधारले. मग खाली लाल शाईने लिहिले, 'तपासले.' अर्जावर सही शनिवारी करू म्हणाले. आईने मला एक कप चहा जास्त दिला.

शुक्रवारी मामा मला घेऊन डिंगोऱ्याला निघाला. डिंगोरे माझे आजोळ. गाडी तिथे दाखवायची होती. जुन्नर सोडल्यावर वारा इतका होता, की आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. गाव जवळ आल्यावर एका मोरीच्या पुढे डावीकडे वळण लागते. रस्ता तिथे ठिगळ लावलेल्या गोधडीसारखा होता, डांबरावर डांबर. मामा काही वेड्यासारखा चालवत नव्हता, रोज एस.टी. त्याहून जोरात जाते. वळणात पहिल्या ठिगळावर चाक आपटले आणि गाडीने छोटी उडी घेतली. दुसऱ्या ठिगळावर आणखी एक. त्या दोन उड्यांच्या मध्ये मला जे जाणवले ते नेमके सांगणे आजही कठीण आहे: मामाच्या हातात स्टिअरिंग होते, ते वळलेले होते, आणि गाडी सरळ चालली होती. पुढच्या क्षणी आम्ही रस्त्याच्या कडेवरून उतरून नांगरलेल्या शेतात ढेकळांत रुतून उभे होतो. माझा ओठ फुटला होता. मामाचे मनगट मुरगळले होते. इंजिन बंद पडल्यावर कुठेतरी एक टिटवी ओरडत होती, तेवढेच.

शेताचा मालक बांधावरून चालत आला. आधी त्याने आम्हां दोघांचे हातपाय शाबूत आहेत ना ते पाहिले, मग गाडीभोवती एक फेरी मारली. "पेरायला आलाव का पावणं? मग पाभर कुठं ठिवली?" मामा हसला, मग मनगट धरून मटकन बांधावर बसला.

घरी आल्यावर आईने ओठावर हळद लावली आणि मामाला, "चार वरीस खपून शेवटी ढेकळं फोडायचं औजार केलंस व्हय रं?" एवढेच म्हणाली. मी वही घेऊन बसले. आकडे पुन्हा तपासले. गुणाकार बरोबर होता. सरासरी बरोबर होती. चार दशांश खरेच चार दशांश होते. कुठेही चूक नव्हती, आणि तरी मी ढेकळांत बसून आले होते. खोटे सांगत नाही, त्या संध्याकाळी मला गणिताचीच भीती वाटली. परीक्षेत नापास झाल्याचे दुःख मला समजले असते. सगळी उत्तरे बरोबर असताना नापास होणे म्हणजे काय, याला माझ्याकडे रकाना नव्हता.

मी वही आण्णांपुढे ठेवली आणि म्हणाले, "डी.एड.चा फॉर्म आणा."

आण्णांनी चष्मा पुसला. "वळणात काय झालं? क्रमाने सांग."

मी सांगितले. ठिगळ, उडी, ठिगळ, उडी. सांगता सांगता माझे मलाच दिसू लागले, पण तुकड्या-तुकड्यांत. जड गाडी आपल्या भाराने टायर रस्त्यावर दाबून धरते. आमची गाडी तर काटेवाल्याला रिकामी पाटी वाटली होती. बुटक्या टायरमध्ये खाचखळगा गिळायला रबराची उंचीच नाही, मग चाकच उचलले जाते. आणि जे चाक हवेत आहे त्याची रुंदी कितीही असली, तरी पकड शून्य. रबर रस्त्याला लागले, तरच रबर.

"मग हे कालव्यावर का नाही दिसलं?"

"तो रस्ता सरळ होता. आणि नवा."

आण्णांनी वहीतले शेवटचे पान उघडले. "घाटात वळण नसतं," ते हळूच म्हणाले. "आबाला बारी मोजायची सवय, म्हणून त्याने बारी मोजली. तुला घड्याळ मिळालं, म्हणून तू वेळ मोजलास. मला सरासरी दिसली, म्हणून मी 'तपासले' लिहिलं." त्यांनी लाल पेन उघडले, तो शब्द खोडला आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरे घातली. मुलाच्या वहीत शिक्षक चुकला, तर शिक्षकाने सही करून दुरुस्ती करावी, असा त्यांचा शाळेतला नियम होता. मग म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. उदाहरण दुसऱ्याच गाडीचं सोडवलंय."

हे ऐकून मी पास झाले की नापास, ते मला कळले नाही. विचारायचे धैर्यही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने एका हाताने पान्हा चालवून उंच टायर चढवले. त्याचे मनगट बांधलेले, म्हणून चालवायची होती मी. मला लायसन्स मिळून जेमतेम महिना झाला होता. शेजारच्या जागेवर मामा बसणार, हे गृहीत होते. तेवढ्यात आण्णा इस्त्रीचा सदरा घालून, कागदांची फाइल छातीशी धरून, त्या बिनदाराच्या गाडीत पाय टाकू लागले. आई धावत बाहेर आली. "अहो, तुम्ही कशाला? काल पोरीचा ओठ फुटलाय!"

"वही मी तपासली होती," आण्णा म्हणाले.

मामा एका शेजाऱ्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून पुढे गेला आणि मोरीपाशी उभा राहिला. मी वळणाच्या बरीच अलीकडे गाडी थांबवली. उंच टायरची गाडी मला आवडतही नव्हती; सबंध वाटेत ती किंचित झुलत होती, हुकूम दिल्यावर क्षणभर विचार करून मग वळत होती. हे चांगले की वाईट, मला सांगता येत नव्हते. आण्णांनी फाइल उघडली, इंजिनिअरिंगचा अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता पालकाच्या जागी सही केली. थरथरत्या इंजिनामुळे त्यांची सही आयुष्यात पहिल्यांदा वाकडी आली.

"आण्णा, अजून वळण घेतलं नाही," मी म्हणाले. "हाही टायर चुकला तर?"

"म्हणूनच आत्ता केली. नंतर केली असती, तर ती टायरला मिळाली असती."

पन्नाशी ओलांडली, शेकडो मुलांना टायरचे आकडे शिकवले, तरी हे वाक्य मला पूर्ण उलगडलेले नाही. विचार पटला तर सही, अशी अट त्यांचीच होती. माझा विचार तर ढेकळांत जाऊन बसला होता. कोणत्या ओळीवर त्यांनी मला गुण दिले? चुकलेली वही मी स्वतः त्यांच्यापुढे ठेवली त्या ओळीवर, की आणखी कशावर? ते हयात असताना मी दोनदा विचारायला गेले, आणि दोन्ही वेळा चहा निवेपर्यंत वेगळेच उदाहरण सुटले.

मी गिअर टाकला. वेग कालच्या इतकाच ठेवला. त्याशिवाय पडताळा होत नाही. पहिले ठिगळ आले: टायर दबला, गाडी कुशीवर कलली. आता सुटणार, असे वाटले. दुसरे ठिगळ आले. गाडी पुन्हा कलली, पण चाकांनी रस्ता सोडला नाही. सगळे वळण आम्ही एखादा म्हातारा बैल ओढ्यातून पाय रोवत चालतो तसे पार केले. आण्णांनी एका हाताने फाइल आणि दुसऱ्या हाताने माझ्या ओढणीचे टोक घट्ट धरले होते. वळणाच्या पलीकडे मी गाडी थांबवली. काल ज्या शेतात आम्ही रुतलो होतो, तिथे आमच्या चाकांच्या चऱ्या अजून तशाच होत्या.

मामा लंगड्यासारखा धावत आला, मनगट छातीशी धरून. "काय दाजी? कसं वाटलं? बोला की राव!"

आण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मागे वळून त्यांनी त्या वळणाकडे पाहिले, मग टायरकडे, मग पुन्हा वळणाकडे.

"कळलं नाही," ते म्हणाले. "वैशाली, गाडी वळव. पुन्हा एकदा घे."